घट्ट झाली का?

पट्टी बांधून झाली की मी एकच प्रश्न विचारतो, घट्ट झाली का? तीस वर्षं सौदीत फिजिओथेरपिस्टचं काम केलं. हा प्रश्न मी हिंदीत, इंग्रजीत, मोडक्यातोडक्या अरबीत आणि नशीब जोरावर असलं तर मराठीतही विचारला. आमच्या दाभोळच्या खाडीकाठी मात्र अजून माझी ओळख ‘सौदीत पाय चेपायला होता तो’ अशीच करून देतात. चेपतो बाबांनो, पायही चेपतो. पण आमचा निम्मा धंदा विचारण्याचा आणि निम्मा ऐकण्याचा असतो. दुखतंय म्हणणाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. ज्याचं दुखायला हवं आणि दुखत नाही, त्याची वाटते.

लेख मागताना संपादक म्हणाले, आखातावर लिहा, पण उंट नको, वाळू नको, खजूर नको. मान्य. मी अमेरिकन फुटबॉलवर लिहितो.

पण आधी खमीस मुशैत. तिथं मी एका कंपनीच्या दवाखान्यात नवा नवा लागलो होतो. एकदा संगमेश्वरचा शंकर म्हणून एक परांची बांधणारा आला. कंबर दुखते म्हणाला. चालून दाखव म्हटलं, तर चार पावलांत त्याची चप्पल मागे राहिली आणि तो पुढे गेला. चप्पल निसटल्याचा पत्ताच नाही. पाय बधिर झाला होता. सोबत आलेला फोरमन घड्याळ बघत उभा. त्याला माणूस कामावर हवा होता आणि मला नवी नोकरी टिकवायची होती. मी कागदावर लिहिलं, ‘हलकं काम चालेल’. कॅम्पात हलकं काम नावाचा प्रकार नसतो हे मला पक्कं ठाऊक होतं. आठ दिवसांत शंकर परांचीवरून पडला. जगला, पण पाय गेला तो गेलाच. गावी पाठवताना मी भेटायला गेलो तर म्हणतो, “तुमचा काय दोष, डॉक्टर? तुम्ही तर हलकं काम लिहिलं होतं.” शिवी दिली असती तर परवडली असती.

पुढे मी रियाधला ओलायात एका क्लिनिकमध्ये गेलो. क्लिनिकचा मालक, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो माझा कफील, मोठा हौशी माणूस. कुणी बहिरी ससाणे पाळतो, कुणी घोडे पाळतो, यानं अमेरिकन फुटबॉलची टीम पाळली. रियाध, जेद्दाह, खोबर अशा चार टीमांची स्पर्धा. सौदी पोरं, कंपाउंडात राहणारे अमेरिकन इंजिनियर आणि मध्येमध्ये पगारावर आणलेले दोन-तीन खरे व्यावसायिक. टीमचा फिजिओ कोण? मी. विचारलं कुणी नाही, सांगितलं.

त्या व्यावसायिकांतला एक मार्कस. ओहायोचा, पस्तिशीचा, दारातून आडवा होऊन येणारा माणूस. काम ऑफेन्सिव्ह लाइनमन. घरी हे सांगितल्यावर माझ्या बायकोला, नसीमला, तो खांबावर चढणारा वाटला. “त्याच्या वजनानं खांब नाही का मोडत?” म्हणाली.

हा खेळ मला कळला तो कबड्डीमुळे. तरुणपणी मी आमच्या मोहल्ल्याच्या संघात कव्हरला खेळायचो. अमेरिकन फुटबॉलात चेंडू फेकणारा एक राजा असतो, क्वार्टरबॅक. समोरची टीम त्याला लोळवायला धावते. त्याच्या पुढ्यात पाच जण साखळीसारखे उभे राहतात आणि आलेल्याला अडवतात. बस, एवढंच काम. चेंडू घेऊन पळायचं नाही, गुण मिळवायचे नाहीत. चार-पाच सेकंद भिंत व्हायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा एक हात जमिनीला टेकून उभं राहायचं. दुपारभरात साठ-सत्तर वेळा. राजा उजव्या हातानं फेकणारा असला की डाव्या बाजूनं पाठीवर येणारा त्याला दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या बाजूला उभा राहणारा सगळ्यांत भरवशाचा लागतो. तिथं मार्कस असायचा.

“अकरा वर्षं खेळलो,” तो एकदा म्हणाला. “मोठ्या टीमांनी चारदा घेतलं, चारदा काढलं. कॅनडात खेळलो, जर्मनीत खेळलो. माझं नाव लाउडस्पीकरवर फक्त फाउल झाला तरच घेतात. सगळं नीट केलं तर मी तिथं होतो हेसुद्धा कुणाला कळत नाही.”

मी म्हटलं, “मग तू फिजिओच म्हण की.”

त्याची बोटं म्हणजे आल्याचे तुकडे होते. प्रत्येक सांधा कधी ना कधी निखळलेला. रोज सरावाआधी दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या बांधाव्या लागायच्या आणि रोज माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर यायचं, “टाइट, डॉक.” सासूनं कालवणात मीठ कमी म्हणावं तसं. मग मी थोडी सैल करायचो. दोन हंगामांत एकही दिवस असा गेला नाही.

माणूस मात्र लाघवी. आमच्याकडे जेवायला यायचा, पापलेटचा काटा असा साफ करायचा की नसीम खूश. आमची सना तेव्हा इंडियन स्कूलमध्ये बारावीला. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. ती म्हणायची, “अब्बा, ही इज लाइक अ वॉल.” तिची फिजिक्सची पुस्तकं तो पंख्यासारखी हलवायचा आणि म्हणायचा, यातलं मला काहीच येत नाही, मी फक्त ढकलतो.

दुसऱ्या हंगामात आमची टीम फायनलला पोचली. शेखसाहेबांनी, म्हणजे आमच्या मालकानं, मार्कसला शब्द दिला होता, फायनल खेळ, मग तीन वर्षं लाइनचा कोच म्हणून ठेवतो, बायकोमुलींना आण, सगळ्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, करतो. अकरा वर्षांत प्रथमच त्याला एका गावात टिकून राहायची संधी मिळत होती. मुलींना शाळा कुठली बघू, हे तो सनाला विचारायचा.

माझंही एक प्रकरण अडकलेलं होतं. माझा इकामा संपत आला होता आणि नूतनीकरणाचे कागद टीमचा मॅनेजर अबू राकान याच्या टेबलावर पडून होते. सनाची बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर. इकामा गेला तर आम्हा तिघांनाही बोऱ्याबिस्तरा गुंडाळावा लागणार आणि तिचं वर्ष बुडणार. मी चारदा विचारलं, अबू राकान चारदा म्हणाला, “इन्शाअल्ला, फायनलनंतर.” वाईट माणूस नव्हता तो, पण कागद कधी द्यायचा आणि कधी धरून ठेवायचा हे त्याला बरोबर कळायचं.

फायनल शुक्रवारी, असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर. मैदान अल खर्जच्या रस्त्याला. थंडीचे दिवस, छान ऊन. स्पर्धेचा नियम असा की प्रत्येक खेळाडूच्या फॉर्मवर ‘खेळण्यास योग्य’ अशी फिजिओची सही लागते आणि ते फॉर्म सामन्याच्या अर्धा तास आधी पंचांच्या टेबलावर पोचले पाहिजेत. मी सगळ्यांचे फॉर्म सह्या करून ठेवले होते. मार्कसचा राहिला होता, कारण गेले काही दिवस तो उजवा हात झटकायचा. या खेळात खांद्यावर दणका बसला की एका हाताला झिणझिण्या येतात आणि जातात. मी तपासलं होतं, ताकद ठीक वाटली होती. तरी शेवटचं एकदा बघू म्हणून फॉर्म मागे ठेवला.

पट्टीच्या खोलीला मी तपासताना आतून कुलूप लावायचो, नाहीतर सगळी टीम आत घुसते. मार्कस बाकावर बसला. त्याच्या मांडीवर फोन आणि फोनवर ओहायोतल्या दोन्ही मुली. त्यांच्याकडे सकाळ होती. तो त्यांच्याशी बोलत होता, मी आधी उजव्या, मग डाव्या हाताच्या बोटांना पट्ट्या बांधत होतो. माझी नेहमीची ताणणारी पट्टी डावा हात येईपर्यंत संपली. मी दुसरी, न ताणणारी पांढरी पट्टी घेतली आणि हाताला सवय नेहमीच्या पट्टीची, तेवढ्याच जोरानं ओढली. शिकाऊ पोरानंही करू नये अशी चूक. कळलं तेव्हा चारही बोटं बांधून झाली होती.

“घट्ट झाली का?” मी विचारलं.

“गुड, डॉक,” तो फोनकडे बघत म्हणाला.

मी त्याच्या नखांकडे बघितलं. निळी पडायला लागली होती. एवढी करकचून बांधलेली पट्टी मी माझ्या बोटावर दहा सेकंद सहन केली नसती. आणि रोज नुसत्या स्पर्शाला टाइट म्हणणारा माणूस म्हणतोय गुड. त्यातून हा डावा हात. त्रास उजव्याचा होता.

इथं थोडं डॉक्टरी सांगतो. एका हातात झिणझिण्या आल्या तर बिघाड बहुतेक खांद्याकडच्या नसांचा असतो. दोन्ही हात बधिर झाले तर बिघाड मानेत, मज्जारज्जूपाशी. तिथं आणखी एक दणका बसला तर माणूस मानेखाली लुळा पडू शकतो. आणि मार्कसचं कामच मुळी दुपारभर दणके घेण्याचं.

मी कात्रीनं पट्ट्या कापल्या. म्हटलं, “फोन ठेव. डोळे मीट. हात पुढे कर.”

“का?”

“कर म्हणतो ना.”

त्यानं डोळे मिटून डावा तळहात पुढे केला. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, खोलीची किल्ली होती. ती मी त्याच्या बोटांवर ठेवली आणि विचारलं, “ओळख, काय आहे?”

तो वाट बघत राहिला. मग म्हणाला, “ठेव ना, डॉक. मग सांगतो.”

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले आणि हातातली किल्ली बघितली.

“किती दिवस?” मी विचारलं.

“तीन आठवडे.”

“मग रोज टाइट कसं म्हणायचास?”

“तू पट्टी फाडलीस की म्हणायचो. बघून.” आज त्याचं लक्ष मुलींकडे होतं, बघायचं राहून गेलं. त्या चुकीच्या पट्टीनं मला सांगितलं नसतं तर मी सही करून मोकळा झालो असतो.

तेवढ्यात दारावर थाप. अबू राकान. “डॉक्टर, यल्ला. एकच फॉर्म राहिलाय. पंच थांबलेत.”

मी म्हटलं, “मार्कस, मी सही करणार नाही. अयोग्य लिहिणार.”

तो उठला. किल्ली त्यानं मुठीत धरली आणि दारात जाऊन उभा राहिला. माझी उंची त्याच्या छातीशी. माणसांना पुढे जाऊ न देणं हा त्याचा अकरा वर्षांचा धंदा आणि मी कबड्डी सोडून पंचवीस वर्षं झालेली.

“सही केल्याशिवाय हा कागद इथून जाणार नाही,” तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. “एक दुपार, डॉक. फक्त एक. नंतर मी कोच होईन, आयुष्यात कुणाला धडकणार नाही. मी नसलो तर नायफच्या पाठीवर कोण येईल ते त्याला दिसणारसुद्धा नाही.” नायफ हा आमचा क्वार्टरबॅक, विशीतला सौदी मुलगा. मार्कस त्याला धाकट्या भावासारखं जपायचा.

“आणि तुझ्या मुलींना तुला भरवावं लागलं तर?”

“तसं होणार नाही.”

“तुला किल्ली कळत नाही हातातली.”

बाहेरून अबू राकान पुन्हा ओरडला, “डॉक्टर! तुमचे कागदही मी आजच घेऊन बसलोय. सही करा, खलास.”

खोटं कशाला सांगू, पेन माझ्या हातात होतं आणि डोळ्यांपुढे सना होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एका सहीत सगळ्यांचं भलं होणार होतं, फक्त त्याची मान धडकेत टिकायला हवी. ‘हलकं काम चालेल’ असं काहीतरी इथंही लिहिता येईल का, हेसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं. मग शंकरची मागे राहिलेली चप्पल आठवली.

मी म्हटलं, “ठीक आहे. मी सही करतो. पण दार तू उघड. त्या किल्लीनं. दाराकडे न बघता, नुसत्या बोटांनी. उघडलंस तर सही तुझी.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग तोंड माझ्याकडेच ठेवून हात मागे नेला आणि कुलपाचं भोक चाचपायला लागला. किल्ली धातूवर खरडत होती. एकदा पडली. त्यानं वाकून, बघून उचलली. पुन्हा हात मागे. पुन्हा खरडणं. कपाळावर घाम आला होता त्याच्या. बाहेर बँड वाजायला लागला होता, लोक टाळ्या वाजवत होते, अबू राकान दार बडवत होता. मी मनातल्या मनात एकाच वेळी दोन दुआ मागत होतो, उघडू दे आणि उघडू देऊ नको. अल्लाला तरी काय कळलं असेल.

किल्ली दुसऱ्यांदा पडली. या वेळी तो न बघता खाली बसला आणि जमिनीवर हात फिरवू लागला. त्याचा हात किल्लीवरून दोनदा गेला. तिसऱ्यांदाही गेला तेव्हा मीच म्हटलं, “मार्कस, पुरे.”

तो दाराला पाठ लावून खाली बसला आणि रडला. मोठ्या माणसाचं रडणं आवाजाचं असतं असं मला वाटायचं. तसं नव्हतं ते. मीही त्याच्या शेजारी फरशीवर बसलो.

मग मी फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“लिहू नकोस.”

“लिहावंच लागेल.”

“तू लिहिलंस तर तो तुला सोडणार नाही. सनाची परीक्षा आहे.” तो उठला. “कागद खिशात घाल. दार उघड.”

मी किल्ली उचलून दार उघडलं. अबू राकान आत येणार तोच मार्कस त्याच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला. मला त्याच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं.

“मी खेळत नाही,” तो म्हणाला. “माझा निर्णय. डॉक सही करायला तयार होता, मीच नको म्हटलं.”

“का?”

“मला भीती वाटते.”

अबू राकाननं त्याला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. मी मागे उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. घशापर्यंत आलंही होतं. बोललो नाही.

त्या दुपारी लाउडस्पीकरवर मार्कसचं नाव घेतलं गेलं. चौऱ्याहत्तर नंबर आज खेळत नाही. त्याच्या जागी एक इजिप्शियन पहिलवान उभा राहिला, त्यानं जीव तोडून अडवलं, पण नायफला पाच वेळा पाठीमागून येऊन लोळवलं आणि आम्ही हरलो. नायफ धडधाकट राहिला हे नशीब. लोक मार्कसला भित्रा म्हणाले. कोचची नोकरी गेली. माझा इकामा पुढच्या आठवड्यात झाला आणि अबू राकाननं तो देताना माझी पाठ थोपटली.

सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मार्कसला एमआरआयला नेलं. टीमचा विमा हंगाम संपेपर्यंत चालू होता, तेवढंच भलं. सर्जननं मला पडद्यावर दाखवलं, मानेतली गादी मागे सरकून मज्जारज्जूवर बसली होती. “हा काल खेळला असता तर?” मी विचारलं. “मानेखाली लुळा पडला असता,” सर्जन म्हणाला.

ऑपरेशन झालं. मी रोज क्लिनिक सुटलं की त्याच्याकडे जायचो, बोटांचे व्यायाम घ्यायचो. वाटाणे वेचायला लावायचो, शर्टाची बटणं लावायला सांगायचो. नसीम डबा द्यायची. तिला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “त्याला बाहेर लोक भित्रा म्हणतात आणि तुम्ही डबा नेता?” आमच्या आजवरच्या बत्तीस वर्षांच्या संसारात एवढं लागणारं ती ना आधी कधी बोलली, ना नंतर. मी तरी गप्प राहिलो. सनाची परीक्षा होऊ दे म्हटलं, मग निकाल लागू दे म्हटलं, मग म्हटलं आता काय उपयोग. आता मी दापोली तालुक्यात माझ्या घरी आहे, इकामा कुणाच्याही टेबलावर नाही, तर लिहितो. ओमानहून, अमेरिकेतून, कुठूनही हे वाचणाऱ्या आमच्या टीमच्या माणसांनो, चौऱ्याहत्तर नंबर भ्याला नव्हता. त्याला मी अयोग्य ठरवलं होतं. भ्यालेला माणूस त्याच्या पाठीमागे उभा होता. तो कोरा फॉर्म माझ्याकडे अजून आहे.

मार्कस अमेरिकेला परत जायच्या आदल्या दिवशी क्लिनिकमध्ये आला. मानेला पट्टा, वजन उतरलेलं. चहा घेतला. मग डावा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “एकदा बांध.”

“कशाला? खेळायचंय का आता?”

“बांध तू.”

मी नेहमीची ताणणारी पट्टी काढली. त्यानं डोळे मिटून घेतले. मी पहिल्या बोटाला वेढा दिला, दुसऱ्याला दिला, तिसऱ्याला दिला. पट्टी फाडताना आवाज येतो, म्हणून कात्रीनं हळूच कापली. प्रश्न विचारलाच नाही. विचारायची हिंमत नव्हती. बाहेर ओलायाच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते. तो तसाच डोळे मिटून बसला होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

“टाइट, डॉक,” तो म्हणाला.

सैल करायला मी कात्री शोधू लागलो. ती माझ्या हातातच होती.